सरळ धार

मी बेसिनखाली उताणा पडलो होतो. खालचा वाकडा पाइप काढून छातीवर ठेवला होता, आणि तेवढ्यात वरून कुणीतरी गार, चिकट काहीतरी ओतलं. ते भोकातून सरळ माझ्या मानेवर आलं आणि कॉलरमधून पाठीत शिरलं.

"अहो, कोण आहे वर? खाली माणूस आहे, गटार नाही!"

एक नवी सिस्टर वाकून बघायला लागली. हातात सलाइनची अर्धी बाटली. "अगंबाई, काका, तुम्ही होय! चुकलं हं. औषध उरलं होतं, ते ओतत होते."

"माझे पाय दिसले नाहीत? चांगले हातभर बाहेर आहेत."

"दिसले की. पण तुमचे पाय काय, रोज कुठे ना कुठे दिसतातच."

खरंच होतं ते. एकतीस वर्षं मी या दवाखान्यात नळांचं काम करतोय, आणि निम्म्या लोकांनी माझे फक्त पाय पाहिले असतील. नळ गळायला लागला की 'काका कुठे मेले', आणि गळायचा थांबला की काका कोण नि तुम्ही कोण. माझी त्याबद्दल तक्रार नाही. खोटं कशाला बोलू, थोडी आहे.

माझ्या शेजारी लॅबताई उकिडव्या बसल्या होत्या. दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त, लघवी तपासायची जी खोली आहे, तिथल्या त्या मुख्य. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण चष्म्याआडून बघायला लागल्या की मीच शाळेतला पोर होतो. त्यांना तो वाकडा पाइप आतून बघायचा होता. आत बोटभर जाड, काळपट बुळबुळीत थर साचला होता. त्यांनी कापसाची काडी त्यात फिरवली, नळीत घातली, झाकण लावलं.

"काका, हे औषध रोज ओततात इथे?"

"रोज? दिवसातून वीस वेळा. सलाइन उरली, ओत. इंजेक्शन उरलं, ओत. या पाइपाला वासच औषधाचा येतो. एकोणीस वर्षं हुंगतोय मी."

मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. ती नळी त्यांनी खिशात न ठेवता हातातच धरून नेली.

हा वॉर्ड तान्ह्या बाळांचा. दिवस भरायच्या आधीच जी येतात, त्यांचा. काचेच्या बारा पेट्या. त्या महिन्यात तीन बाळांना एकच जंतू लागला, आणि कुठलंच औषध त्याला लागू पडेना. दोन नंबरच्या पेटीतलं बाळ गेलं. आठ दिवसांनी सात नंबरचं गेलं. चार नंबरची पोरगी तेवढी तग धरून होती. सगळा दवाखाना नुसता हवालदिल झाला. चादरी उकळून झाल्या, दुधाच्या बाटल्या तपासल्या, सिस्टरांच्या हातांवरून काड्या फिरवल्या. शेवटी काही सापडेना म्हणून झाडलोट करणाऱ्या मावशींवर आळ घेऊन त्यांना कागदपत्रांच्या खोलीत पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मग वॉर्ड रिकामा केला. धडधाकट बाळं समोरच्या खोलीत हलवली आणि चार नंबरला तिच्या आईबरोबर शेजारच्या लहान खोलीत एकटं ठेवलं.

आणि हे सगळं होत असताना ते बेसिन तिथेच होतं. चार नंबरच्या पेटीपासून दोन हातांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चार दिवसांनी लॅबताईंनी मला खाली बोलावलं. मला वाटलं, त्यांचा नळ गळतोय. पाना घेऊनच गेलो.

"पाना ठेवा काका. हे बघा." त्यांनी दोन लहान काचेच्या बश्या माझ्यापुढे ठेवल्या. दोन्हींवर पिवळट साय धरल्यासारखं काहीतरी होतं आणि त्यावर कागदाच्या बारीक बारीक गोल चकत्या. "ही साय म्हणजे जंतू. प्रत्येक चकतीत एकेक औषध आहे. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू मरतो आणि मोकळं कडं पडतं. दिसतंय कुठे कडं?"

मी चष्मा पुसून पाहिलं. जंतू चकत्यांना अगदी बिलगून वाढला होता. एका चकतीभोवती तेवढं नखाएवढं कडं होतं. दुसऱ्या बशीतही तसंच, त्याच चकतीभोवती, तेवढंच.

"ही बशी चार नंबरच्या रक्ताची," त्या म्हणाल्या. "आणि ही तुमच्या पाइपातली."

पाइप दवाखान्याचा, पण त्या घटकेला तो माझाच वाटला.

"रोज औषध जातं तिथे," त्या सांगत होत्या. "सगळे मरतील इतकं नाही, सवय होईल इतकं. कच्चे असतात ते मरतात. जे टिकतात त्यांचीच पिलावळ वाढते. एकोणीस वर्षं तालीम चाललीय त्यांची. आणि हे आपल्याकडेच नाही काका. जगभर हेच आहे. कुठे कोंबड्यांच्या खाद्यात औषध, कुठे सर्दीला औषध, कुठे अर्धवट घेऊन सोडलेलं औषध. नवीन औषध शोधायला वर्षानुवर्षं लागतात. याला शिकायला आठवडे पुरतात."

"मग हे जे कडं पडलंय, ते?"

"ते जुनं औषध आहे. कानाची नस जाते त्याने कधीकधी, मूत्रपिंडं बिघडतात. म्हणून कुणी वापरत नव्हतं. आता चार नंबरला तेच चालू आहे. दुसरं उरलंच नाही."

"पण ताई," मी म्हणालो, "पाइपातलं पाणी खाली जातं. वर नाही येत. एवढं तरी मला कळतं. मग हा वर आला कसा?"

"तेच तर मला कळत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही सांगा."

एकतीस वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. आणि उत्तर मला जिना चढता चढताच मिळालं. मधल्या पायरीवर मी कठडा धरून उभा राहिलो.

त्याचं असं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी हा वॉर्ड नवा झाला तेव्हा बेसिन मीच बसवलं. तेव्हाच्या साहेबांची तक्रार असायची की नळाखाली हात धरला की पाणी सगळं बाहेर उडतं, फरशी ओली होते, सिस्टर घसरतात. मी म्हटलं, थांबा, दाखवतो. ओळंबा लावला, नळाची मान अर्धं बोट पुढे घेतली, आणि अशी बसवली की धार थेट भोकात. बेसिनची कड ओली व्हायची नाही. साहेब इतके खूश झाले की पाहुणे आले की त्यांना वॉर्डात आणून नळ सोडून दाखवायचे. 'बघा, याला म्हणतात सरळ धार.' माझ्या सगळ्या नोकरीत माझं कौतुक झालं ते एवढंच. मी ते जपून ठेवलं होतं. घरच्यांना इतक्यांदा सांगितलं की मुलगी म्हणायची, बाबा, आता धार पुरे.

ती धार एकोणीस वर्षं भोकात पडत होती. वाकड्या पाइपात कायम पाणी भरलेलं असतं, खालचा वास वर येऊ नये म्हणून. भरल्या भांड्यात वरून जोराची धार सोडली की काय होतं, हे कुणालाही कळतं. मला तेवढं कळलं नव्हतं.

पण नुसतं मनात आलं म्हणून भागत नाही. आमच्या धंद्यात गळती कुठे आहे ते कळेना की आम्ही पाण्यात नीळ कालवून सोडतो आणि कुठे निळं उमटतं ते बघतो. मी कपडे धुवायच्या खोलीतून नीळ आणली आणि मोठ्या सिस्टरांकडे गेलो. या वॉर्डच्या प्रमुख. सत्तावीस वर्षांची नोकरी, आवाज असा की डॉक्टरसुद्धा आधी हात धुऊन मग बोलतात.

"मला पांढऱ्या चादरी हव्यात. जुन्या चालतील."

"कशाला? झोपायचंय?"

"झोप उडवायचीय," मी म्हटलं.

लॅबताईही आल्या. रिकाम्या वॉर्डात आम्ही चादरी पसरल्या. बेसिनशेजारच्या ओट्यावर, जिथे सिस्टर इंजेक्शनं भरतात. फरशीवर. चार नंबरच्या पेटीच्या जागेवर. मी भोकात निळीचं पाणी ओतलं, थोडं थांबलो, आणि नळ सोडला. हात धुवायला लागतो तेवढाच वेळ. बंद केला.

आधी काही दिसलं नाही. माझ्या जिवात जीव आला, खरं सांगतो. मग मोठ्या सिस्टरांनी चष्मा लावला आणि ओट्यावर वाकल्या. ठिपके होते. मोहरीहून बारीक, निळे. ओट्यावर तर मोजता येणार नाहीत इतके. इंजेक्शनांचा ट्रे ठेवतात नेमके तिथे दाट. फरशीवर. मोठ्या सिस्टरांच्या पांढऱ्या बाहीवर. आणि चार नंबरच्या जागेवर तीन. मी ते तीनदा मोजले.

मोठ्या सिस्टर बाहीवरचा ठिपका अंगठ्याने पुसत राहिल्या. निळीचा डाग तो, असा कसा जाईल.

"औषध जमिनीवर सांडायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, बेसिनमध्ये ओतायचं आणि पाणी सोडायचं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी मी हे शिकवते. मीच."

"नळ मी बसवला," मी म्हटलं.

तिघं उभे राहिलो त्या चादरींकडे बघत.

दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या साहेबांना बोलावलं. वाईट माणूस नाही तो, मी उगाच कुणाची निंदा करणार नाही. ठिपके पाहून त्यांचाही चेहरा उतरला. पण साहेबांचा चेहरा फार वेळ उतरलेला राहत नाही, खुर्चीला ते परवडत नाही.

"हे बघा नळवाले, गुरुवारी तपासणी समिती येतेय. अकरा वाजता बाळं वॉर्डात परत आणायचीत. वॉर्डात बेसिन नाही म्हणजे वॉर्ड नापास. वॉर्ड नापास म्हणजे बारा पेट्या बंद. मग बाळं ठेवू कुठे, माझ्या टेबलावर?"

"दाराबाहेर व्हरांड्यात बसवतो ना मी दुसरं. नळ बाजूला, धार कडेवर पडेल असा. आत यायच्या आधी हात धुवायचे. आत प्रत्येक पेटीपाशी हात चोळायच्या औषधाची बाटली."

"बेसिन काढायला बांधकाम विभागाची परवानगी लागते. मी फाइल पाठवतो."

"किती दिवस लागतील?"

"महिना. फार तर दोन."

"आणि तोवर?"

"ब्लीच टाका पाइपात."

"ब्लीच त्या थराच्या आत पोचत नाही, सर," लॅबताई म्हणाल्या. "आठ दिवसांत पुन्हा तोच जंतू येतो."

"मग दर आठ दिवसांनी टाका!" साहेब चिडले. नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवून जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होताय. मानाने जा. शेवटी शेवटी कशाला हात दाखवून अवलक्षण?"

मी गप्प बसलो. तेव्हा मी गप्प बसलो याचा मला अजून राग येतो. पाण्यात राहून माशाशी वैर नको, ही शहाणपणाची गोष्ट मी इतकी वर्षं पाळली होती, आणि तोंड उघडायच्या वेळी ती आपसूक आड आली.

पाना पिशवीत टाकून निघालो तर लहान खोलीच्या दारात चार नंबरची आई उभी. सगळं ऐकलं होतं तिने. बाई शिवणकाम करायची, बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले. छातीशी कापडात गुंडाळलेली पोरगी. दोन महिन्यांची होती, पण दिसायची पंधरा दिवसांची. नाव अजून ठेवलं नव्हतं. पिटकुली म्हणायची तिला.

"काका, ते निळे ठिपके हिच्या पेटीच्या जागेवर पण होते ना?"

"होते."

"किती?"

"तीन."

तिने मान हलवली. "तीन पुरतात म्हणजे," ती म्हणाली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती चिडलेली होती. रडून रडून माणूस जिथे पोचतं, तिथे ती कधीच पोचली होती. "औषधाच्या कागदावर सही घेतली तेव्हा मी विचारलं, कान गेले तरी पोरगी राहील ना? म्हणाले, बहुतेक. मग केली सही. काल औषध संपलं. आता कान तपासणार आहेत म्हणे, पुढच्या आठवड्यात."

"काही झालं नसेल," मी म्हटलं. असं म्हणायची पद्धत असते.

"नसेलच. उलट मला काळजी आहे ती निराळीच. घरी माझं मशीन दिवसभर खडखडत असतं. एकच खोली. ही झोपणार कशी, देव जाणे." आणि ती हसली, त्या वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा. "पण काका, गुरुवारी ती बाकीची बाळं त्याच बेसिनपाशी नेऊन ठेवणार?"

मी पिशवी उचलून निघालो. पळालोच म्हणा ना.

घरी गेलो तर घसा बसलेला. घरचीने कपाटातून नेहमीचा पत्र्याचा डबा काढला. आमच्या घरातल्या एकूण एक आजारपणांतून उरलेल्या गोळ्या त्यात असतात. बरं वाटलं की गोळ्या बंद, उरलेल्या डब्यात. "घ्या यातल्या दोन. मागच्या वेळी गुण आला होता."

"ठेव तो डबा!" मी असा ओरडलो की तिच्या हातातून झाकण पडलं. मग बसून सगळं सांगितलं. बश्या, चकत्या, ठिपके, साहेब. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग उठली आणि डबा घेऊन मोरीकडे निघाली.

"अगं, तिथे नको! तिथे नको ओतू!"

"मग काय करू, डोक्यावर घेऊन बसू?"

"दे इकडे. लॅबताईंना नेऊन देतो. त्या जाळून टाकतील दवाखान्याच्या भट्टीत."

ती माझ्यासमोर येऊन बसली. "काय ठरवलंय?"

"ठरवायचं काय त्यात? साहेब नाही म्हणाले. दोन महिने राहिलेत."

"हो ना. दोन महिन्यांनी तुम्ही घरी येणार. आणि मग उरलेला सगळा जन्म त्या बेसिनबद्दल माझं डोकं खाणार. तुमची सरळ धार मी एकोणीस वर्षं ऐकली. आता वाकडी ऐकायची माझ्यात ताकद नाही. काढा ते. जे व्हायचं ते होऊ दे."

बायको असावी तर अशी, आणि नवऱ्याचा घसा बसलेला असताना तर नक्कीच.

मंगळवारी आणि बुधवारी मी व्हरांड्यात नवं बेसिन बसवलं. गोदामात एक पडून होतं, जरा कड उडालेलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, गळती काढतोय. त्यात खोटं काही नव्हतं. नळाची मान मुद्दाम तिरकी ठेवली. धार कडेवर पडून घरंगळत भोकात जायची. दिसायला ओबडधोबड. कुठले साहेब कुठल्या पाहुण्यांना ते दाखवायला आणणार नाहीत. मी हात धुऊन पाहिले, आणि निळीने पुन्हा तपासलं. चादर पांढरी ती पांढरीच.

गुरुवारी सकाळी आठला मी हातोडा, छिन्नी आणि पाना घेऊन वॉर्डात गेलो. दाराशी तक्रारींची वही टांगलेली असते. त्यात सगळे माझ्यासाठी लिहितात, नळ गळतो, संडास तुंबला, पाणी येत नाही. मी त्यात पहिल्यांदाच स्वतः लिहिलं. 'वॉर्डातलं बेसिन काढत आहे. बाळांच्या जिवाला धोका आहे. बसवलं मीच होतं, काढतोय मीच. परवानगी घेतलेली नाही.' खाली सही केली. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं.

मोठ्या सिस्टर मागे येऊन वाचत होत्या. माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी खाली लिहिलं, 'माझ्यासमोर, माझ्या संमतीने.' आणि सही. "आता उभे काय राहिलात?" त्या म्हणाल्या. "अकराला बाळं यायचीत. मला धूळ पुसायला दोन तास लागतील."

चौकशी दोघांवरही बसली पुढे. अजून चालू आहे. चालू दे.

मी खालचा कॉक बंद केला, वाकडा पाइप काढून पिशवीत घालून तोंड बांधलं. बेसिन भिंतीत दोन लोखंडी पट्ट्यांवर बसवलेलं होतं, आणि माझंच काम ते, सहजासहजी निघतंय कुठे! पट्टीवर पहिला घाव घातला तर कानठळ्या बसतील असा आवाज झाला. रिकामा वॉर्ड नुसता दणाणला. समोरच्या खोलीतली नऊच्या नऊ बाळं दचकून एकदम रडायला लागली. दुसरा घाव घातला. रडणं आणखी वाढलं. नवी सिस्टर दोन्ही कानांवर हात ठेवून दारात आली, आणि तिच्या मागून साहेब.

"अहो, काय चाललंय हे? कुणी सांगितलं? थांबवा आधी!"

मी थांबलो. त्यांच्यामुळे नाही. लहान खोलीचं दार उघडून चार नंबरची आई बाहेर आली होती. माझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभी. पिटकुली तिच्या हातात जागी होती, टक्क डोळे उघडे. आई माझ्याकडे बघत नव्हती, साहेबांकडे बघत नव्हती. पोरीच्या तोंडाकडे बघत होती. समोरच्या खोलीतली पोरं गळा काढून रडत होती.

"काका," ती म्हणाली, "अजून एकदा मारा."

मला लगेच कळलं. मोठ्या सिस्टरांनाही कळलं, कारण त्यांनी साहेबांच्या दंडाला धरलं. एकतीस वर्षांत मी हजारो घाव घातले असतील, पण हातोडा इतका जड कधी लागला नाही. मी उचलला आणि मारला. पट्टी वाकली.

पिटकुलीने पापणीसुद्धा हलवली नाही. ती आपली आईच्या हनुवटीकडे बघत मूठ चोखत होती.

"अजून एकदा. जोरात."

या वेळी मी जीव खाऊन घाव घातला. पट्टी तुटली आणि माझं एकोणीस वर्षांचं बेसिन फरशीवर पडून त्याचे शंभर तुकडे झाले. साहेब दचकून मागे सरकले. नवी सिस्टर किंचाळली. खिडकीतून आलेल्या उन्हात चुन्याची धूळ उडाली, आणि पिटकुलीने मान किंचित वळवून त्या धुळीकडे पाहिलं. उजेडात ती चमकत होती, म्हणून.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

आईने पोरीचं कापड नीट केलं. बराच वेळ लावला त्याला.

"चला," ती म्हणाली. आवाज थोडा फाटला, तो तिने खाकरून सरळ केला. "म्हणजे माझ्या मशीनचा त्रास नाही व्हायचा हिला."

साहेबांनी मान खाली घातली. मी हातोडा घेऊन तसाच उभा.

"थांबलात का काका?" ती म्हणाली. "भिंतीतला पाइप राहिलाय अजून. तोही काढा. मुळापासून काढा."

आणि तिने पिटकुलीला हातांत फिरवून तिचं तोंड माझ्याकडे केलं, तिला नीट दिसावं म्हणून. मी भिंतीला छिन्नी लावली.